पावणेतीनला मावळणारा सूर्य

नागपूरकरांना हिवाळा आवडतो आणि त्यात नवल काही नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला सोसणाऱ्या गावाला डिसेंबर म्हणजे वर्षभराच्या कष्टांचा मोबदला वाटतो. सकाळी अंबाझरीच्या काठावर आणि सेमिनरी हिल्सवर फिरणाऱ्यांची गर्दी होते, बाजारात आंबिया बहाराची संत्री असतात, विधिमंडळाचे अधिवेशन येते, हुरड्याची आमंत्रणे सुरू होतात. त्यामुळे स्टॉकहोमला किंवा हेलसिंकीला नोकरीसाठी गेलेली मुलगी नोव्हेंबरात फोनवर ‘सारखी झोप येते, काही करावेसेच वाटत नाही’ असे म्हणाली, की इकडे घरात त्याचे दोनच अर्थ लावले जातात. आई म्हणते, घरची आठवण येत असेल. वडील म्हणतात, आळस. दोन्ही अर्थ सर्वस्वी चुकीचे असतील असे नाही. परंतु तिसरे आणि बहुधा अधिक मोठे कारण आकाशात असते. माझी भाची स्टॉकहोमला राहते. तिच्या पहिल्या हिवाळ्यात मीही तिला ‘रात्री लवकर झोपत जा’ असा सल्ला दिला होता. तो जवळजवळ उलटा होता, हे मला पुढे हा विषय नीट वाचल्यावर कळले.

आधी आकाशाचा हिशेब पाहू. नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २१ अंशांवर आहे. वर्षातील सर्वांत लहान दिवशी, म्हणजे २१ किंवा २२ डिसेंबरलाही, येथे सूर्य जवळपास १० तास ५० मिनिटे क्षितिजाच्या वर असतो आणि जूनमधील सर्वांत मोठा दिवस त्याहून जेमतेम अडीच तासांनी मोठा असतो. स्टॉकहोम ५९ अंशांवर आहे. तेथे जूनमध्ये साडेअठरा तासांचा दिवस असतो आणि डिसेंबरमध्ये सहा तासांचा. सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेतीनच्या सुमारास मावळतो. आणखी वर, ६९ अंशांच्याही पुढे असलेल्या नॉर्वेतील ट्रॉम्सो शहरात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. फिनलंडमध्ये या काळाला ‘कामोस’ असे नाव आहे. तेव्हा चोवीस तास मिट्ट काळोख असतो, अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात भर दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो.

दिवस लहान असतो, एवढेच नव्हे; सूर्य फार खाली असतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. २२ डिसेंबरला भर दुपारी नागपुरात सूर्य सुमारे ४५ अंशांवर असतो, म्हणजे त्या क्षणी माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी पडते. (मे महिन्याच्या अखेरीस तो नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते.) त्याच दिवशी स्टॉकहोममध्ये भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून केवळ ७ अंश वर असतो आणि पाच फूट उंचीच्या माणसाची सावली चाळीस फूट लांब पडते. ढग नसले तर ही स्थिती. तेथे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ढग बहुतेक असतातच. सावलीचे हे माप लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा लागणार आहे.

आता डोक्यातील घड्याळाकडे वळू. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतू मेंदूच्या तळाशी जेथे एकमेकींना ओलांडतात, तेथे अगदी वर तांदळाच्या दाण्याएवढा पेशींचा एक पुंजका असतो. झोप, भूक, शरीराचे तापमान, अनेक संप्रेरकांचे स्रवणे हे सारे दिवसाच्या कोणत्या प्रहरी व्हावे, याची लय तो राखतो. पेशीच्या आत हे घड्याळ जनुकांच्या साहाय्याने कसे चालते, हे फळमाश्यांवर प्रयोग करून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ अचूक चोवीस तासांचे नाही. बहुतेक माणसांत त्याची एक फेरी चोवीस तासांहून थोडी लांब असते, त्यामुळे त्याला तसेच सोडले तर ते जुन्या चावीच्या घड्याळासारखे रोज काही मिनिटे मागे पडत जाते. त्याची वेळ रोज सकाळी जुळवण्याचे काम प्रकाश करतो.

डोळ्याच्या पडद्यात पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी असतात आणि हा शोध गेल्या पंचवीस-तीस वर्षांतलाच आहे. चित्र पाहण्याशी त्यांचा फारसा संबंध नसतो. बाहेर उजेड किती आहे, याची मोजदाद करून ती त्या घड्याळाला कळवणे, हे त्यांचे मुख्य काम. आणि निळसर प्रकाशाला त्या विशेष प्रतिसाद देतात. दृष्टी गेलेल्या काही व्यक्तींमध्येही या पेशी शाबूत असल्यामुळे त्यांचे घड्याळ व्यवस्थित जुळते. अंधार पडल्यावर मेंदूतील एका लहानशा ग्रंथीतून मेलाटोनिन स्रवू लागते. ते झोपेचे औषध नसून ‘रात्र झाली’ अशी शरीरभर दिलेली दवंडी आहे, असे समजावे. सकाळचा उजेड ती दवंडी थांबवतो.

आता स्टॉकहोममधील नोकरदार मुलीची डिसेंबरमधली सकाळ डोळ्यांसमोर आणावी. गजर सातला वाजतो, साडेसातला बस असते, आठला ती कार्यालयात पोहोचते आणि सूर्य उगवतो त्यानंतर पाऊण तासाने. ती बाहेर पडते तेव्हा तो मावळून तास-दोन तास झालेले असतात. तिच्या घड्याळाला दिवस सुरू झाल्याचा निरोप मिळतच नाही. ते मागे सरकत जाते, सकाळी आठलाही शरीर पहाटे चारच्या अवस्थेत असते आणि रात्री अंगात थकवा असूनही झोप लवकर येत नाही. म्हणूनच ‘लवकर झोप’ हा सल्ला कुचकामी ठरतो. झोपण्याची वेळ आपण ठरवू शकत नाही. उठण्याची ठरवू शकतो. उठण्याची वेळ रविवारसह रोज एकच ठेवावी आणि उठल्यावर पहिल्या तासाभरात डोळ्यांना भरपूर उजेड मिळवून द्यावा, हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे.

यावर हमखास येणारा प्रश्न असा, की घरात दिवे असतातच ना? असतात, पण येथे डोळा आपल्याला फसवतो. प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजतात. घरातील दिवाणखान्यात संध्याकाळी साधारण शंभर ते तीनशे लक्स उजेड असतो, चांगल्या कार्यालयात पाचशेच्या आसपास. हिवाळ्यातील ढगाळ दुपारी बाहेर मोकळ्यावर तो हजाराच्या वर सहज जातो आणि नागपूरच्या मे महिन्यातील दुपारी लाखावर असतो. डोळा या प्रचंड फरकाशी इतक्या सहजपणे जुळवून घेतो, की दिवाणखाना आणि अंगण यांत फार तर दुप्पट-तिप्पट फरक असेल, असे आपल्याला वाटते. पाहण्यासाठी दिवाणखान्यातील उजेड पुरतो, घड्याळ जुळवण्यासाठी बहुधा पुरत नाही. त्यामुळे बाहेर कितीही मळभ असले, तरी दुपारच्या सुट्टीत अर्धा तास चालून येणे हे खिडकीत बसून जेवण्यापेक्षा अधिक फायद्याचे असते. बर्फ पडल्यावर परिस्थिती थोडी सुधारते, कारण ताजा बर्फ त्याच्यावर पडणारा बहुतेक सगळा प्रकाश परत फेकतो. उत्तरेकडील अनेकांना जानेवारीपेक्षा नोव्हेंबर अधिक जड जातो, तो यामुळेही: दिवस आखडलेला, पाने गळलेली, जमीन काळी आणि ओली, आणि बर्फ अजून यायचा असतो.

या सगळ्याचा मनाशी संबंध कसा, हे वैद्यकशास्त्राने रीतसर मांडले ते १९८४ मध्ये. डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांना दर हिवाळ्यात नैराश्य येई आणि वसंतात ते आपोआप ओसरे. रोझेन्थाल मूळचे जोहान्सबर्गचे. ते शहर विषुववृत्ताच्या दक्षिणेस २६ अंशांवर, म्हणजे आपल्यासारख्याच भरपूर उन्हाच्या पट्ट्यात येते. अमेरिकेच्या उत्तर भागात आल्यावर हिवाळ्यात आपला उत्साह मावळतो, हे त्यांनी स्वतःवरच अनुभवले होते. आपल्या घरांतील मुलांचा अनुभव याहून वेगळा नाही.

येथे दोन गोष्टींत फरक करायला हवा. हिवाळ्यात थोडी मरगळ येणे, झोप वाढणे, घराबाहेर पडावेसे न वाटणे हे उत्तरेकडील पुष्कळ लोकांना होते. तो आजार नव्हे. ऋतुजन्य नैराश्य हा मात्र आजार आहे. त्यात दिवसेंदिवस मन खिन्न राहते, कशातच रस वाटत नाही, कामे अडून राहतात, आणि हे सलग दोन किंवा अधिक वर्षे त्याच ऋतूत घडते. नेहमीच्या नैराश्यात झोप आणि भूक कमी होण्याकडे कल अधिक असतो. हिवाळी नैराश्यात बऱ्याचदा उलट घडते, झोप वाढते, भात, पाव, गोड यांची वखवख सुटते आणि वजन वाढते. त्यामुळेच घरच्यांना ते नैराश्य वाटत नाही. ‘चांगली जेवतेय, चांगली झोपतेय, मग हिला झाले काय?’ हा प्रश्न फोनवर विचारला जातो आणि समोरची व्यक्ती आणखी गप्प होते.

यावरील उपचारांत दिव्याचे स्थान पहिल्या ओळीत आहे. १०,००० लक्स उजेड देणारा खास दिवा सकाळी उठल्यानंतर लवकर, सुमारे अर्धा तास समोर ठेवायचा असतो. दिव्याकडे टक लावून पाहायचे नसते. तो थोडा बाजूला ठेवून चहा घ्यावा, वर्तमानपत्र वाचावे, मात्र डोळे उघडे हवेत. कॅनडात झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत आठ आठवड्यांनंतर असा दिवा आणि फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरील औषध हे दोन्ही सारखेच परिणामकारक ठरले. खरेदी करताना मात्र खोक्यावरील आकड्याने भुलू नये. तो १०,००० लक्सचा आकडा कोणत्या अंतरावर मिळतो, हे पाहावे, कारण दिवा दूर सरकवला की उजेड झपाट्याने घटतो. वीतभर अंतरावरील आकडा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उपयोगाचा नाही. अतिनील किरण गाळलेला दिवाच घ्यावा. रात्री तो वापरला तर घड्याळ आणखी मागे जाईल आणि उपायच अपाय ठरेल. ज्यांना द्विध्रुवीय मनोविकार (बायपोलर डिसऑर्डर) आहे, त्यांच्यात असा प्रकाश उन्मादाची अवस्था उद्भवू देऊ शकतो. ज्यांना डोळ्याच्या पडद्याचा विकार आहे किंवा जे प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे घेतात, त्यांचे डोळे दुखावू शकतात. या मंडळींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा विकत घेऊ नये.

ड जीवनसत्त्वाबद्दल आपल्याकडे सर्वांत जास्त घोळ आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट, मनाचे घड्याळ जुळवणारा प्रकाश आणि त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारा प्रकाश हे दोन वेगवेगळे आहेत. पहिला डोळ्यांवाटे काम करतो आणि काचेतूनही येतो. दुसरा म्हणजे अतिनील किरणांतील एक विशिष्ट पट्टा, तो त्वचेवर काम करतो आणि खिडकीची काच त्याला अडवते. उपचाराच्या दिव्यातून ड जीवनसत्त्व मिळत नाही आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळीने घड्याळ जुळत नाही. दुसरी गोष्ट सावलीची. सूर्य जितका खाली, तितके त्याचे किरण वातावरणातून तिरपे आणि लांबून येतात आणि हा उपयुक्त पट्टा वाटेतच गाळला जातो. ढोबळ नियम असा, की सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल, तर त्वचेत ड जीवनसत्त्व फारसे तयार होत नाही. चाळीस फूट सावली पडणाऱ्या स्टॉकहोममध्ये हिवाळ्यातील कित्येक महिने ते तयार होण्याची शक्यताच उरत नाही. आणि ज्याला आपण कौतुकाने ‘कोवळे ऊन’ म्हणतो, ते आपल्याकडील डिसेंबरमधले सकाळी साडेसातचे ऊनही या हिशेबात बसत नाही. अंबाझरीला फिरणाऱ्यांना त्या उन्हाचे इतर फायदे भरपूर मिळतात, घड्याळ जुळते, हातपाय मोकळे होतात. हाडांसाठीचा हप्ता मात्र भरला जात नाही, तो दुपारकडे झुकलेल्या उन्हातच भरता येतो.

त्वचेतील रंगद्रव्य तेच किरण शोषून घेते, त्यामुळे सावळ्या माणसाला तेवढेच ड जीवनसत्त्व तयार करण्यासाठी गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ ऊन लागते. ब्रिटनमध्ये शरद आणि हिवाळ्यात सर्वांनीच रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० एककांची गोळी घेण्याचा विचार करावा, असा सरकारी सल्ला आहे. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांनी ती वर्षभर घेण्याचा विचार करावा, असेही तेथे सांगितले जाते. फिनलंडमध्ये २००३ पासून दुधात हे जीवनसत्त्व मिसळले जाते. मासे खाणाऱ्यांना बांगड्यासारख्या तेलकट माशांतून ते मिळते; शाकाहारी माणसाने मात्र असे दूध किंवा गोळी यांवरच भिस्त ठेवावी. आपल्याकडून जाणाऱ्या बॅगेत मेतकूट आणि चकल्यांसोबत साठ हजार एककांच्या पुड्या भरल्या जातात, हे मी पाहिले आहे. ती पुडी म्हणजे ब्रिटनमधील त्या रोजच्या मात्रेच्या हिशेबाने दीडशे दिवसांचा साठा होय. रक्ततपासणीत कमतरता आढळली, तर डॉक्टर ती ठरावीक आठवड्यांसाठी देतात. ‘आठवत असेल तेव्हा एक’ अशी ती घेण्याची वस्तू नाही, कारण हे जीवनसत्त्व शरीरात साठते आणि अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. शिवाय या गोळीने मन प्रसन्न होईल, ही अपेक्षाही आवरावी. अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक प्रौढांवर सुमारे पाच वर्षे चाललेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ड जीवनसत्त्वाने नैराश्याला आळा बसल्याचे दिसले नाही. गोळी हाडांसाठी घ्यावी.

आहार, व्यायाम यांबद्दल नवे काही सांगण्यासारखे नाही. उबदार वरण, भाज्या, अंडी खाणाऱ्यांनी अंडी, रोज घाम येईल इतकी हालचाल आणि मद्यावर नियंत्रण, कारण मद्याने झोप तुटक होते. इन्फ्लुएंझाची लस हिवाळा सुरू होण्यापूर्वी घ्यावी. बर्फाळ रस्त्यासाठी बुटांना खाली लावायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, ते आवर्जून घ्यावेत. पडून मनगट मोडले तर फिरणे बंद होते आणि फिरणे बंद झाले की वर लिहिलेले बाकी सारे बिघडते.

दृष्टिकोनाचा भाग मला अधिक रंजक वाटतो. कारी लाइबोविट्झ ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अंधाराच्या हिवाळ्याचा अभ्यास करण्यासाठी ट्रॉम्सोमध्ये राहिली. तेथील लोक हिवाळा कसा सोसतात, हा प्रश्न घेऊन ती गेली होती. तेथे अनेकांना तो प्रश्नच नीट कळेना, कारण त्यांच्या लेखी हिवाळा सोसायचा नसून करायचा होता. तिच्या पाहणीत, नॉर्वेत जसजसे उत्तरेकडे जावे, तसतसा हिवाळ्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन अधिक अनुकूल होत गेलेला आढळला. नॉर्वेतीलच र्‍युकान हे गाव डोंगरांच्या खोल दरीत आहे आणि सप्टेंबरपासून मार्चपर्यंत तेथे थेट ऊन पोहोचत नाही. गावकऱ्यांनी २०१३ मध्ये डोंगरावर सूर्याबरोबर फिरणारे तीन मोठे आरसे बसवले आणि उन्हाचा एक तुकडा गावच्या चौकात उतरवला. आपल्या विचारांची आणि हिवाळ्यातील सवयींची पद्धतशीर तपासणी करणारी मानसोपचार पद्धतीही या आजारावर चालते. अमेरिकेतील व्हर्माँट विद्यापीठातील केली रोहन यांच्या अभ्यासात दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत पाहिले, तर तिच्याने आजार पुन्हा उलटण्याचे प्रमाण दिव्यापेक्षा कमी आढळले.

नागपूरकराला हे समजणे कठीण जाऊ नये. उन्हाळ्यात आपण काय करतो? उन्हाशी भांडत नाही आणि त्याला शरणही जात नाही. बाजारहाट दहाच्या आत उरकतो, कूलरला वाळा लावतो, पन्हे करतो, दुपारी पडदे ओढून झोपतो आणि रात्री फुटाळ्याच्या काठावर येतो. त्याच उन्हात पापड आणि कुरड्या वाळवूनही घेतो. बाहेरगावच्या माणसाला हे सोसणे वाटते, आपल्याला ती व्यवस्था वाटते. स्वीडनमध्ये डिसेंबर लागताच घरोघरी खिडक्यांत मेणबत्त्यांसारखे दिवे आणि कागदी तारे लागतात. आकाशकंदिलाखाली वाढलेल्या मुलीला ते परके वाटायचे कारण नाही. तिने दिवाळीचा कंदील त्रिपुरी पौर्णिमेला न उतरवता तसाच फेब्रुवारीपर्यंत टांगून ठेवला, तरी तेथे कोणी हसणार नाही. फक्त संध्याकाळचे हे दिवे पिवळसर आणि मंद असावेत. झगझगीत पांढरा उजेड सकाळी, मंद पिवळा रात्री, एवढा क्रम उलटू देऊ नये.

मरगळ दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज टिकली, कामावर जाणे किंवा अंघोळ-जेवण अवघड झाले, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर दिवा, गोळी, फिरणे यांत वेळ घालवू नये. तेथील डॉक्टरांकडे जावे. स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आल्यास युरोपात ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे. इकडे नागपुरात काळजीने झोप उडालेल्या आईवडिलांनाही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. ही सेवा २०२२ पासून सुरू आहे आणि ती दिवसरात्र चालते.

राहता राहिला फोन. बहुतेक घरांत तो रात्री आपली जेवणे आटोपल्यावर लावला जातो. हिवाळ्यात नागपूर स्टॉकहोमच्या साडेचार तास पुढे असते, म्हणजे आपल्या साडेनऊला तेथे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात आणि सूर्य मावळून दोन तास झालेले असतात. आम्ही वेळ बदलली आहे. सुट्टीच्या दिवशी आम्ही साडेचारला, इकडे चहा ठेवता ठेवता, फोन लावतो. तेव्हा भाचीकडे दुपारचे बारा वाजलेले असतात आणि अट एकच असते, की तिने घराबाहेर पडून चालत बोलायचे. पडद्यावर कधी तिचे लाल झालेले नाक दिसते, कधी नुसती टोपी. ऊन असले तर ती मधेच फोन फिरवून बर्फावर पडलेली आपली सावली आम्हाला दाखवते, आणि तिचे टोक काही केल्या पडद्यात मावत नाही.